सेवा करणाऱ्या हातांना आधी जपा
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि पीककर्ज बाजूला ठेवून आज दवाखान्याचा विषय का काढला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तरही हिशेबाचेच आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याजवळ भांडवल काय? विहीर असली तर तिला पाणी नाही, पाणी असले तर वीज नाही. बँकेत ठेव नाही. भांडवल म्हणजे दोन हात आणि घरातल्या बाईचे दोन हात. हे चार हात ऐन हंगामात आठ दिवस खाटेला टेकले म्हणजे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो, म्हणजे नेमका निंदण, डवरणी आणि फवारणीच्या दिवसांत. दुसरा, लहानसा जोर थंडीत येतो, तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो. बोंडे फुटून कापूस लोंबतो आहे, आभाळ भरून आले आहे, आणि घरात तिघे तापाने पडले आहेत. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात येते? कोणत्याच नाही.

म्हणून तापाचा हिशेब आपणच मांडायला हवा. त्यातही आज एकच प्रश्न घेऊ. गावोगावचे तापकरी, खोकणारे लोक ज्या एका छपराखाली येतात, त्या दवाखान्यात रोग पसरू नये म्हणून काय करतात, काय करायला पाहिजे, आणि त्यात आपला वाटा कोणता? जत्रेत जशी पंचक्रोशीतली माणसे जमतात तसे दवाखान्यात पंचक्रोशीतले रोग जमतात. पाय मोडला म्हणून भरती झालेला माणूस शेजारच्या खाटेवरचा फ्लू घेऊन घरी येऊ शकतो. बाळंतीण येऊ शकते. आणि सगळ्यात आधी तो फ्लू गाठतो तो सेवा करणाऱ्या नर्सला, वॉर्डात फडके मारणाऱ्या बाईला, डॉक्टरला आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्या आपल्या माणसाला.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. दवाखान्यात रोग्याला वाचवायचे असेल तर सेवा करणाऱ्याला आधी वाचवावे लागते. ही गोष्ट दयेची नाही, निव्वळ व्यवहाराची आहे. बैल आजारी पडला तर वखर कोण ओढणार?

हे शहाणपण आपल्या मुलुखाने फार मोठी किंमत मोजून घेतले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंतरावांनी, पुण्याबाहेर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग अंगात कसा शिरतो, त्यापासून सेवा करणाऱ्याने कसे वाचायचे, याचे ज्ञान तेव्हा दवाखान्यांपाशी नव्हते. सावित्रीबाईंच्या त्यागाला आपण नमस्कार करतो, केलाच पाहिजे. पण नमस्कार करून थांबलो तर पुढच्या साथीत पुन्हा कोणीतरी तसेच जाईल.

एकवीस वर्षांनी, १९१८ साली, फ्लूची जगभराची साथ आली. सप्टेंबरात मुंबईत तिचा दुसरा, जीवघेणा फेरा सुरू झाला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप, असे ते वर्ष. देशात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे गेली असावीत, असे अंदाज आहेत. सर्वाधिक फटका बसलेल्या मुलुखांत मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत होते. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या. का? घरातल्या आजाऱ्याचे डोके मांडीवर घेऊन कोण बसले होते? सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले कोण खात होते? लागण व्हायची सगळ्यात जास्त संधी तिला, आणि रोगाशी झुंजायची ताकद सगळ्यात कमी तिला.

आता आपल्या डोळ्यांदेखतचे पाहा. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या पहिल्याच महिन्यात, मुंबईतल्या एका मोठ्या खासगी इस्पितळात २६ नर्स आणि ३ डॉक्टरांना लागण झाली आणि सबंध इस्पितळ बंद करून त्याला पहारा बसवावा लागला. यंत्रे होती, खाटा होत्या, औषधे होती. नर्स आजारी पडल्या आणि सगळे कुलूपबंद झाले. दवाखाना म्हणजे इमारत असा कोणाचा समज असेल तर तो या एका उदाहरणाने मिटावा. दवाखाना म्हणजे तिथली माणसे.

आता फ्लू कसा फिरतो ते पाहू. अळीचा पतंग कुठे अंडी घालतो हे ठाऊक नसताना फवारणी करणारा शेतकरी जसा पैसा आणि औषध दोन्ही वाया घालवतो, तसेच इथे आहे.

फ्लूचा विषाणू खोकल्या-शिंकल्यातून, बोलण्यातून उडणाऱ्या थेंबांवर बसून निघतो. मोठे थेंब चार-सहा फुटांत खाली पडतात. अगदी बारीक थेंब कोंदट खोलीत काही वेळ तरंगत राहतात. खाली पडलेले थेंब खाटेच्या दांडीवर, दाराच्या कडीवर, सलाईनच्या खांबावर बसतात. लोखंडासारख्या गुळगुळीत, कडक वस्तूवर विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, कापडावर काही तास, हातावर काही मिनिटे. त्या काही मिनिटांत हात नाकाला किंवा तोंडाला लागला की काम झाले. लागण झाल्यावर साधारण एक ते चार दिवसांत ताप येतो. पण लक्षात ठेवा, ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो आणि पुढे पाच-सात दिवस देत राहतो. लहान मुले त्याहूनही जास्त दिवस देतात. म्हणजे 'मला काही झालेले नाही' असे म्हणणारा माणूसही रोग वाहत असू शकतो.

थेंब, हात आणि कोंदट हवा या फ्लूच्या तीन वाटा. चांगला दवाखाना या तिन्ही वाटा अडवतो. कशा?

पहिला नाका दारावरच. ताप-खोकल्याचा रोगी आणि हातपाय मोडलेला रोगी एकाच रांगेत उभे करायचे नाहीत. तापकऱ्यांची खिडकी वेगळी, बसायची जागा वेगळी, शक्यतो उघड्यावर, झाडाखाली किंवा मंडपात. खोकणाऱ्याला आल्याबरोबर मास्क द्यायचा. मास्क आधी रोग्याला, हा नियम आहे. पाणी जिथून गळते तिथेच भोक बुजवायचे असते.

नाका नीट नसला तर काय होते हे २००९ साली पुण्याने पाहिले. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. त्यानंतर घाबरलेले हजारो लोक तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगेत उभे राहिले. ज्यांना साधी सर्दी होती ते आणि ज्यांना खराखुरा फ्लू होता ते, एकमेकांना चिकटून, तासन् तास. रोगाला यापेक्षा सोयीची जागा कोणती? पुढे शहरात ठिकठिकाणी तपासणी केंद्रे उघडली तेव्हा गर्दी वाटली गेली.

त्याच साथीत सरकारने रोग्यांचे तीन गट केले. ही प्रतवारी आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे, कापसाच्या प्रतवारीसारखी. अ गट म्हणजे साधा ताप, घसा, अंगदुखी. त्याने घरी राहावे, वेगळे राहावे, पाणी-पेज घ्यावी, तपासणीची गरज नाही. ब गट म्हणजे जोराचा ताप, किंवा साधा ताप पण माणूस जोखमीचा: गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, पासष्टीपुढचे म्हातारे, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार. आपल्या भागात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत, तेही जोखमीचेच. यांनी लगेच डॉक्टर गाठावा. फ्लूवरचे खास औषध, ऑसेल्टामिवीर, पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त. चार दिवस अंगारे-धुपारे आणि मग दवाखाना, असे केले तर ती वेळ हातची जाते. क गट म्हणजे धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, ओठ-नखे निळी पडणे, थुंकीतून रक्त, मुलाने दूध-पाणी सोडणे. त्याला एक तासही न दवडता मोठ्या दवाखान्यात भरती करायचे.

अ गटातला माणूस 'डॉक्टर, एक सलाईन लावाच' म्हणून मोठ्या दवाखान्यात खाट अडवून बसतो तेव्हा तो दोन गोष्टी करतो. क गटातल्याची जागा अडवतो आणि स्वतःकडे नसलेला रोग घेऊन जाण्याची सोय करतो. सलाईनने फ्लू जात नाही. जंतुनाशक गोळ्यांनीही जात नाही, कारण त्या विषाणूवर चालत नाहीत. सोबत दुसरा संसर्ग झाला तर डॉक्टर त्या देईल, तो त्याचा निर्णय. आणि तापात लहान मुलांना ॲस्पिरीन कधीही देऊ नका.

दुसरा नाका हाताचा. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. त्याच्या वॉर्डात बाळंतिणी तापाने मरत. त्याने ओळखले की मुडद्यांची चिरफाड करून आलेले डॉक्टर तेच हात बाळंतिणीला लावतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी जात होत्या, काही महिन्यांत हा आकडा दोनवर आला. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. आणि त्याचे त्या काळच्या मोठ्या डॉक्टरांनी काय केले? त्याचे ऐकले नाही. विद्वानांचे हे असेच असते.

आज नियम असा आहे की रोग्याला हात लावण्याआधी आणि लावल्यावर, सुई-नळीचे काम करण्याआधी, रक्त-थुंकी-लघवीला हात लागल्यावर आणि रोग्याच्या खाटेला, सामानाला हात लागल्यावरही हात धुवायचे. साबणाने धुतले तर पाऊण मिनिट ते एक मिनिट, हातावर चोळायचे स्पिरिटचे औषध असेल तर अर्धा मिनिट. तीस खाटांच्या वॉर्डात एक नर्स असेल तर तिने दिवसात किती वेळा हात धुवायचे याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून नुसता 'हात धुवा' असा फलक लावून भागत नाही. प्रत्येक खाटेजवळ औषधाची बाटली लागते, नळाला पाणी लागते, आणि तीस रोग्यांमागे एक नर्स पुरत नाही, जास्त नर्स लागतात. शेतकऱ्याला 'उत्पादन वाढवा' म्हणून उपदेश करायचा आणि पाणी द्यायचे नाही, तसेच हे.

तिसरा नाका तोंडाचा. रोज रोग्याजवळ जाणाऱ्याने तीन पदरी मास्क लावायचा. ओला झाला की बदलायचा, हनुवटीवर लोंबवायचा नाही. घशात नळी घालणे, छातीतला कफ ओढून काढणे अशा कामात बारीक थेंब फार उडतात. तिथे एन-९५ नावाचा घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांवर चष्मा, अंगावर झगा आणि हातमोजे लागतात. कडेने फट राहिली तर एन-९५ आणि गळ्यातला दुपट्टा यांत फारसा फरक नाही.

इथे एक सावधानतेची गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. दवाखान्यातला मास्क कीटकनाशकाची वाफ अडवत नाही. दवाखान्यातून आणलेला मास्क लावून फवारणीला जाऊ नका, तिथे वेगळे साधन लागते. पण धडा दोन्हीकडे एकच आहे. ज्याला धोक्याच्या कामावर पाठवता त्याला साधन द्या. साधन न देता पाठवायचे आणि मेल्यावर त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवायचे, हा अन्याय वावरात झाला तरी अन्यायच आणि वॉर्डात झाला तरी अन्यायच.

चौथा नाका हवेचा. हा सगळ्यात स्वस्त. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवायच्या, हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. खाटांत निदान तीन-चार फुटांचे अंतर. फ्लूचे रोगी एका बाजूला एकत्र, बाकीचे वेगळे. थंडीत रोग्याचे नातेवाईक खिडक्या लावून घेतात आणि नर्स येऊन उघडते, त्यावरून वाद होतात. भांडू नका. अंगावर एक घोंगडे जास्त घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि झाडू कोरडा मारायचा नाही, ओले फडके मारायचे. खाटेच्या दांड्या, कड्या, बटने जंतुनाशकाने पुसायची.

पाचवा नाका सगळ्यात कठीण, कारण तो पैशाचा आहे. ताप आलेल्या कर्मचाऱ्याने कामावर यायचे नाही. औषध न घेता ताप उतरून चोवीस तास झाले की मग यायचे. कागदावर सोपे आहे. पण वॉर्डात फडके मारणारी बाई कंत्राटदाराकडे रोजाने असेल, आणि एक दिवस बुडाला की त्या दिवसाची चूल बुडत असेल, तर ती ताप लपवून येईल. आपल्यापैकी कोणीही तेच करील. सालगडी तापातही वखर धरतो, तो काही हौसेने धरत नाही. म्हणून तापाच्या दिवसांचा पगार देणे हा दवाखान्याने केलेला उपकार नव्हे. साबणाइतकीच ती रोग अडवायची वस्तू आहे. डॉक्टरला भरपगारी रजा आणि सफाईवालीला नाही, अशा दवाखान्यात रोग सफाईवालीच्या वाटेने आत येईल. विषाणू पगारपत्रक पाहून थांबत नाही.

सहावा नाका लसीचा. फ्लूचा विषाणू वरचेवर रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. तिचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. आपल्याकडचा जोर पावसाळ्यातला, म्हणून पाऊस लागायच्या आधीच ती टोचलेली बरी. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असे नाही, पण गंभीर दुखण्याचा धोका कमी होतो. दवाखान्यातल्या प्रत्येकाने, डॉक्टरपासून स्वयंपाक्यापर्यंत, ती घ्यायला हवी. घरात गरोदर बाई किंवा जोखमीचे माणूस असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीची चौकशी जरूर करा.

हे सहा नाके झाले दवाखान्याचे. सातवा नाका आपला.

आपल्याकडे माणूस भरती झाला की त्याला पाहायला जायचे असते. गेलो नाही तर सोयरिकीत बोल लागतो. ही रीत प्रेमाची आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण हिशेब पाहा. तीस खाटांचा वॉर्ड. प्रत्येक रोग्याला सकाळी तीन, संध्याकाळी तीन माणसे पाहायला आली तर दिवसाला एकशे ऐंशी माणसे आत-बाहेर करतात. त्यांतली दहा जरी ताप घेऊन आली, आणि वीस जरी ताप घेऊन गेली, तर तो ताप किती गावांत पोचला? उलट प्रत्येक खाटेला एकच माणूस, तोच तो, मास्क लावून, हात धुऊन बसला तर तीस माणसे झाली. एकशे ऐंशी आणि तीस, एवढा हा फरक आहे.

कापसाचे उदाहरण घ्या. शेंदरी बोंडअळीसाठी फरदड ठेवू नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, असे सांगतात. एकाने ऐकले आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली तर धुरा काही अळीला अडवत नाही. सगळ्यांनी मिळून पाळले तरच त्याचा उपयोग होतो. दवाखान्याचा नियम तसाच आहे.

साथीच्या दिवसांत रोग्याला वेगळे ठेवले म्हणजे त्याला टाकून दिले, असे कोणी मनात आणू नये. या जिल्ह्यात तर नकोच. १९३९ साली परचुरे शास्त्री महारोग घेऊन सेवाग्रामला आले. त्या काळी महारोगावर खात्रीचा इलाज नव्हता. गांधींनी त्यांना वेगळी कुटी दिली, पण ती आश्रमातच, आपल्या कुटीजवळ, आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. अंतरही राखले आणि माणूसही सोडला नाही. दवाखान्याने हेच करावे. नातेवाईकाला दारावर अडवायचे तर त्याला दिवसातून दोनदा रोग्याची खबर मिळाली पाहिजे, बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळाले पाहिजे, आणि त्याच्याशी माणसासारखे बोलले पाहिजे. डाफरून सांगितलेला नियम कोणी पाळत नाही.

आणि खर्रा. नावे घेत नाही, आत्ताही इथे काही जणांच्या गालात आहे. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जातो आणि तिथून तोंडात. फ्लूला याहून जवळची वाट नाही. वॉर्डाच्या जिन्यात मारलेली पिचकारी कोणीतरी बाई हाताने पुसते, हेही लक्षात ठेवा. दवाखान्याच्या फाटकाबाहेर खर्रा सोडून आत जा. कायमचा सोडलात तर आणखी चांगले.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी शेतकरी, दवाखाना कसा चालवावा हे सांगणारे आम्ही कोण? आपण कोण ते ऐका. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, खेड्यातल्या माणसासाठी म्हणून सुरू झाले. तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत ज्वारीची योजना उभी केली. हंगामावर प्रत्येक घराने ज्वारी द्यायची, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवा आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात उपचार. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव योजनेत. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने दवाखान्याची किंमत आपल्या कणगीतल्या ज्वारीने मोजलेली आहे. जो किंमत मोजतो त्याला विचारण्याचा हक्क असतो, आणि जो हक्क सांगतो त्याच्यावर नियम पाळण्याची जबाबदारीही असते. भीक घेणाऱ्यावर यातले काहीच नसते. आपण भीक घेणारे नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाचे रोगी सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांनी सांभाळले. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट आली तेव्हा विदर्भातल्या जिल्ह्यांत ती आधी दिसली. त्या दिवसांत टाळ्या पुष्कळ वाजल्या. टाळीने मास्क मिळत नाही आणि पगारही मिळत नाही. साथ ओसरल्यावर बाटल्या रिकाम्या होतात, कंत्राटी माणसे घरी जातात, फलक धूळ खातात. पुढची साथ कधी येईल ते हवामान खातेही सांगू शकत नाही. पण पावसाळा दरवर्षी येतो आणि फ्लूही दरवर्षी येतो.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही काम ठेवतो आहोत. हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालये, वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय आणि आपापल्या गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, यांपैकी जे तुमच्या वाटेवर आहे तिथे प्रत्येक तालुक्यातून पाच माणसांनी मृगाच्या आधी जावे. घोषणा नकोत, निवेदनाचा कागद घेऊन जा. विचारायचे एवढेच: तापकऱ्यांची खिडकी वेगळी आहे का? प्रत्येक वॉर्डात हात धुवायला पाणी आणि साबण आहे का? सफाईच्या बायांना मास्क, हातमोजे आणि लस मिळते का? तापाच्या दिवसांचा त्यांचा रोज कापला जातो का? खिडक्या उघडतात का? उत्तरे लिहून आणा. जिथे उत्तर चांगले असेल तिथे तसे सांगा, त्या माणसांना ते ऐकायची सवय नाही. जिथे वाईट असेल तिथे पुन्हा जा.

आणि गावात परत आल्यावर सभा घेऊन ठरवा. ताप आलेल्याने वेचणीला यायचे नाही, आठवडी बाजाराला जायचे नाही, मुलाला शाळेत पाठवायचे नाही. त्याच्या वावरातला कापूस चार दिवस शेजाऱ्यांनी वेचून द्यायचा. दवाखान्याला आम्ही पगारी रजा द्या म्हणतो. गावात पगार देणारा कोणी नाही, म्हणून गावातली रजा आपणच एकमेकांना द्यायची आहे. भरती झालेल्याजवळ एकच माणूस राहील, बाकीच्यांनी त्याच्या घरी जाऊन गुरांचे दूध काढायचे, म्हाताऱ्याला भाकर द्यायची. पाहायला जाण्यापेक्षा हे मोठे सोयरेपण आहे.

शेवटी मायबहिणींना वेगळे सांगायचे आहे. दवाखान्यातली नर्स बहुतेक ठिकाणी बाईच असते, सफाईवाली बाईच असते आणि घरातल्या खाटेशी बसणारीही तुम्हीच असता. १९१८ साली तुमच्या पणज्या सगळ्यांची सेवा करून सगळ्यांच्या आधी गेल्या. तुम्ही रोग्याजवळ जाताना तोंडाला पदर नव्हे, मास्क लावा. उठल्यावर साबणाने हात धुवा. आणि त्या आठवड्यात उरलेसुरले खाऊ नका, रोग्याच्या बरोबरीने, ताजे आणि पोटभर खा. घरच्या पुरुषांनी ते ताट तिच्यापुढे ठेवायचे आहे. हा आमचा या बैठकीतला पहिला ठराव समजा.